‘सावध राहा’ पुरे झालं!



आपल्या बाजारातल्या खानावळवाल्या ताईंचं खातं एका रात्रीत रिकामं झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस डब्यांची ऑर्डर म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल आली, त्यांनी ती उघडली आणि फोनमध्ये घुसलेल्या ॲपने बँकेचे मेसेज परस्पर वाचले. सकाळी शाखेत गेल्या, तर पहिला प्रश्न : “ओटीपी कोणाला सांगितला?” कोणालाच नाही! त्यावर उत्तर : “मॅडम, सावध राहायला हवं होतं.” तक्रारीचा कागद यानंतर पुढे आला.

चोरांवर राग आहेच, त्यांच्यावर शाई घालवत नाही. हे पत्रक ‘सावध राहा’ या सल्ल्याविरुद्ध आहे. भिंतीवर पोस्टर, फोनवर मेसेज, जागरूकता सप्ताहात भाषण. इतका सल्ला कशासाठी? पैसे गेल्यावर “आम्ही सांगितलं होतं” म्हणून हात झटकता यावेत यासाठी!

यूपीआय आलं २०१६ साली. त्यात कोणीही अनोळखी माणूस तुमच्याकडे पैशांची मागणी पाठवू शकत होता. “लष्करातून बोलतोय, ॲडव्हान्स पाठवलाय, पिन टाका” असं सांगून किती हॉटेलवाल्यांना, किती किराणावाल्यांना लुटलं! आपल्याला मात्र एकच वाक्य घोकायला लावलं : पैसे घेताना पिन लागत नाही. वाक्य खरं आहे. पण एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोय बंद झाली कधी? १ ऑक्टोबर २०२५ पासून! म्हणजे दाराला कडी होती. नऊ वर्षं ती लावली नाही, आणि घरात झोपलेल्यालाच गाफील ठरवलं.

“पण दुकानदारांनी शिकायला नको का?” शिकतोच आहोत. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यावर जमा झाल्याचं बघायचं, हे गल्ल्यावरचं पोरगंही जाणतं. क्यूआरवर रात्रीतून दुसरं स्टिकर चिकटवतात, म्हणून शटर उघडताच आपण नखाने कड खरवडून बघतो. पण भर गर्दीत, एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फोन असताना प्रत्येक लिंकची पारख करा म्हणणाऱ्याने एक दिवस गल्ल्यावर बसून दाखवावं. आणि मध्यरात्री, कधी न वापरलेल्या फोनवरून, कधी न पाहिलेल्या खात्यात सगळी शिल्लक जाते, तेव्हा दुकानदार झोपलेला असतो. जागं कोण असतं? बँकेची यंत्रणा! असा व्यवहार काही तास रोखून धरणं तिच्याच हातात आहे.

“मग ऑनलाइन घेऊच नका” म्हणणारे तर डोक्यात जातात. दहा रुपयांच्या चहाला गिऱ्हाईक स्कॅनर शोधतं. नाही म्हटलं की शेजारच्या टपरीवर जातं.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक कुठल्या पोस्टरवर वाचलंत? चूक बँकेची असेल तर खातेदारावर शून्य बोजा. चूक ना बँकेची ना खातेदाराची, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर लघुउद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची. चूक खातेदाराची होती, हे सिद्ध करायचं ते बँकेने! ताईंना यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही. “सावध राहा” मात्र तीनदा सांगितलं.

म्हणून, पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. शाखेत लेखी अर्ज द्या, तारीख-वेळ आणि शिक्क्यासह पोच घ्या. “ओटीपी कोणाला दिला?” असं विचारलं, तर सांगा : मी दिला हे तुम्ही सिद्ध करा, आणि तसं लेखी द्या. ताईंच्या अर्जासोबत शाखेत जायला प्रत्येक दुकानातून एक माणूस हवा आहे. सोमवारी सकाळी साडेदहाला मंडईच्या दारात या.