प्रशिक्षकाचे श्रेय आणि प्रेक्षकांचा न्याय

संघ हरला की प्रशिक्षक बदला, अशी मागणी प्रथम प्रेक्षकांतून उठते आणि पुढे ती संघटनेच्या बैठकीत ठरावाचे रूप घेते. तोच प्रशिक्षक अन्यत्र जाऊन यशस्वी झाला, म्हणजे त्याला घालविणाऱ्यांना दूषणे देण्यातही तेच प्रेक्षक आघाडीवर असतात. सोलापूर-पुणे मार्गावरील मोहोळसारख्या तालुक्याच्या गावीही क्रिकेटच्या गप्पा रंगतात, आणि तेथील क्रिकेटप्रेमींनाही हे दोन्ही निवाडे अपरिचित नाहीत. यांपैकी पहिला निवाडा घाईचा असतो, हे सर्वजण मान्य करतात. दुसराही तितकाच घाईचा असू शकतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. श्री. चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

श्री. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ च्या हंगामात ४१ व्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूर येथील अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरविले. अन्य कोणत्याही संघाला उपविजेतेपद ही अभिमानाची गोष्ट वाटली असती. मुंबईच्या परंपरेत तो पराभवच ठरला. श्री. पंडित यांच्या जागी समीर दिघे यांची नेमणूक झाली आणि श्री. पंडित नागपूरला गेले. १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळणाऱ्या विदर्भाने तोवर एकदाही अंतिम फेरी गाठलेली नव्हती. त्या विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी त्याच इंदूरच्या मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून नमविले आणि पुढील वर्षी नागपुरात सौराष्ट्राचा पराभव करून करंडक स्वतःकडेच राखला. त्यानंतर श्री. पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. जून २०२२ मध्ये त्या संघाने बंगळुरू येथे पहिल्यांदाच रणजी विजेतेपद मिळविले. आणि अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी होता मुंबईचा संघ!

या घटनाक्रमानंतर क्रिकेटरसिकांचे मत पालटले नसते तरच नवल. पंडित यांची शिस्त कडक आहे, ते खेळाडूंना मोकळीक देत नाहीत, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. विदर्भाच्या यशानंतर तीच शिस्त त्यांचा सर्वात मोठा गुण ठरली. माणूस तोच, पद्धत तीच. बदलला तो केवळ धावफलक. निकाल पाहून गुणदोषांची नावे बदलणे याला पुनर्मूल्यांकन म्हणता येणार नाही. ते पहिल्याच चुकीचे दुसरे टोक होय.

वस्तुतः विदर्भाच्या उत्कर्षाची मुळे पंडित यांच्या आगमनापूर्वीची आहेत. विदर्भ क्रिकेट संघटनेने जामठ्याचे मैदान उभारले, अकादमीत मुलांना वर्षानुवर्षे शिकविले आणि वेगवान गोलंदाज घडविण्यासाठी सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारख्यांची मदत घेतली. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा आणि त्या हंगामात ३९ गडी बाद करणारा रजनीश गुरबाणी काही एका पावसाळ्यात उगवलेला नव्हता. वासिम जाफर यांच्यासारखा अनुभवी फलंदाजही आधीच संघात आला होता. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी हजारांहून अधिक धावा केल्या. एवढेच नव्हे, तर श्री. पंडित निघून गेल्यानंतर, मार्च २०२५ मध्ये, उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. प्रशिक्षक बदलला तरी यश टिकले, याचा अर्थ ते एका व्यक्तीवर अवलंबून नव्हते.

म्हणून पंडित यांचे श्रेय नाकारावे काय? तसेही नाही. मध्य प्रदेशाचा विजय हा काही योगायोग नव्हे. जमीन कसलेली असली तरी पेरणीची वेळ जाणणारा माणूस लागतोच. परंतु त्याच पंडित यांच्या हाताखाली कोलकाता नाइट रायडर्स हा संघ आय.पी.एल.मध्ये २०२३ साली सातवा आला, २०२४ साली विजेता झाला आणि २०२५ साली आठव्या क्रमांकावर घसरला. विजेतेपदाच्या वर्षी श्रेयाचा मोठा वाटा लोकांनी मार्गदर्शक गौतम गंभीर यांच्या पदरात टाकला. तीन वर्षांत एकाच प्रशिक्षकाबद्दल तीन मते व्हावीत, यात प्रशिक्षकापेक्षा मते बनविणाऱ्यांचीच परीक्षा अधिक झाली.

फुटबॉलच्या क्षेत्रातही हाच अनुभव येतो. २००९ पासून मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षक असलेले खालिद जमील २०१६ साली त्या संघापासून दूर झाले आणि मिझोरममधील ऐझॉलच्या संघाकडे गेले. हा संघ आधीच्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या नामांकित संघांनी आय-लीगमधून माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. त्या ऐझॉलने २०१७ साली मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद मिळविले आणि त्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाला गेली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. सप्टेंबरमध्ये भारताने मध्य आशियाई स्पर्धेत ओमानसारख्या बलाढ्य संघाला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान पटकावले, तेव्हा देशी प्रशिक्षकाचा जयजयकार झाला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन आशियाई चषकाचे दार बंद झाले आणि जयजयकाराची जागा टीकेने घेतली. या दोन निवाड्यांत जेमतेम पाच आठवड्यांचे अंतर होते!

शिक्षकांना हा प्रकार नवा नाही. दहावीचा निकाल चांगला लागला की दहावीच्या शिक्षकांचा सत्कार होतो आणि घसरला की त्यांनाच जाब विचारला जातो. ज्या शिक्षकाने चौथीत त्या मुलांचे वाचन पक्के केले किंवा कच्चे ठेवले, त्याचे नाव दोन्ही प्रसंगी कोणी घेत नाही. संघाचेही असेच आहे. अखेरच्या टप्प्यावर उभा असलेला माणूस दिसतो, त्यामागची दहा वर्षे दिसत नाहीत.

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. हा जिल्हा ज्या महाराष्ट्र संघाच्या कक्षेत येतो, त्या संघाने दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर तो एकदाही हाती आलेला नाही. २०१३-१४ मध्ये संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण कर्नाटकापुढे हरला. असा संघ हरला की एखादा पंडित आणा, अशी सूचना होणे स्वाभाविक आहे. परंतु विदर्भाकडून घ्यावयाचा धडा तेवढाच असेल, तर तो अर्धाच घेतला असे होईल.

जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यात रणजी सामना झाला. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी त्याच सुमारास भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. या समाधानाच्या गोष्टी आहेत. मात्र खरी कसोटी जिल्ह्याच्या शहरात नसून मोहोळ, माढा, करमाळा यांसारख्या तालुक्यांत आहे. तेथील चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाकाठी चामड्याच्या चेंडूने किती सामने खेळावयास मिळतात? त्याची चूक त्याच दिवशी दाखवून देणारा जाणता माणूस त्याच्या जवळपास आहे काय? निवड चाचणीसाठी पुण्याला जाण्याचा खर्च कोण सोसतो? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही एका प्रशिक्षकाच्या नेमणुकीने मिळणारी नाहीत.

प्रशिक्षकाविषयीचे मत बदलण्यात काहीच गैर नाही. आपली चूक कबूल करणे हा प्रेक्षकाचाही गुणच आहे. मात्र मत बदलताना निकालाखेरीज आणखी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. त्याच्या हाती संघ आला तेव्हा तो कोणत्या अवस्थेत होता, काम करावयास त्याला किती मुदत मिळाली, आणि तो गेल्यानंतर मागे काय उरले? विदर्भात मागे बरेच काही उरले, आणि त्यात पंडित यांचा जसा वाटा आहे तसाच त्यांच्या आधी राबलेल्या अनेकांचाही आहे. महाराष्ट्र संघाचा पुढचा पराभव होईल तेव्हा हे प्रश्न प्रेक्षकांनी प्रथम संघटनेला विचारावेत. प्रशिक्षकाचा हिशेब त्यानंतर मांडावा.