भाड्याचा मंडप



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतल्या एक ताई थांबल्या. त्यांचा मुलगा बी. कॉम. होऊन नुकताच एका कंपनीच्या हिशेब विभागात लागला आहे. म्हणाल्या, "भाऊ, कंपनीनं सगळा हिशेब ढगात नेला म्हणे. उद्या तो हरवला तर पोराच्या नोकरीचं काय?" बाकीच्या बायका हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या कामावर आपल्या मुलांचे पोट चालणार, ते काम आपल्यालाही समजले पाहिजे.

'क्लाऊड' म्हणजे ढग, पण हे नुसते नाव. प्रत्यक्षात तो जमिनीवरच असतो. मोठी इमारत, आत रांगेने हजारो कॉम्प्युटर, चोवीस तास थंडावा, वीज गेली तर जनरेटर. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशी केंद्रे आहेत. तिथले कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे, यालाच क्लाऊड म्हणतात.

आपली १४ एप्रिलची जयंती आठवा. मंडप, पाचशे खुर्च्या, जनरेटर मंडळ विकत घेते का? नाही. वर्षभर ते ठेवणार कुठे आणि सांभाळणार कोण? आपण डेकोरेटरकडून दोन दिवस भाड्याने आणतो. गर्दी वाढली तर आणखी शंभर खुर्च्या मागवतो आणि काम झाले की परत करतो.

कंपन्यांचेही तसेच आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी स्वतःचे मोठे कॉम्प्युटर घेई. त्यांना वेगळी खोली, एसी आणि सांभाळायला माणूस लागे. खरेदी करायची दिवाळीच्या गर्दीचा अंदाज धरून, आणि उरलेले वर्ष निम्मी यंत्रे रिकामी. आता जेवढा वापर, तेवढे बिल. आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांच्या भाषेत, भांडवली खर्च गेला आणि महसुली खर्च आला. छोट्या धंदेवाल्यालाही मोठ्या भांडवलाशिवाय सुरुवात करता येते. अमेझॉनने २००६ साली असे भाड्याचे कॉम्प्युटर देणे सुरू केले. २००८ साली नेटफ्लिक्स कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तीन दिवस गिऱ्हाइकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर तिने हळूहळू आपला कारभार क्लाऊडवर नेला. ते काम २०१६ साली पुरे झाले.

भाड्याचे प्रकार तीन. नुसती यंत्रे घ्या आणि बाकीचे सारे स्वतः करा, हा पहिला. यंत्रांबरोबर प्रोग्रॅम लिहिण्याची तयार साधनेही घ्या, हा दुसरा. आणि तयार प्रोग्रॅमच वापरा, हा तिसरा. आपला जीमेल हा तिसऱ्यातला.

पण मंडप भाड्याचा असला, तरी राखण आपलीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. ज्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती, त्यांपैकी कित्येकांची माहिती कायमची गेली. शिवाय भाडे दरमहा चालूच राहते. वापर मोजला नाही तर बिल फुगते.

हा धडा आमचे मंडळ घरातच शिकले आहे. शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी आणि कागद एकाच कॉम्प्युटरवर होते. तो बंद पडला. अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली. घरोघर फिरून कागद पुन्हा गोळा करताना आम्हाला घाम फुटला.

म्हणून पालकांना विनंती. सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून सुरू आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात बोर्डाकडूनच मिळतात आणि त्या मूळ प्रतीइतक्याच ग्राह्य धरल्या जातात. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही. तेव्हा मूळ दाखले घरी प्लास्टिकच्या पिशवीत जपा आणि एक प्रत फोनबाहेरही ठेवा. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही, ओळखीच्या दुकानदारालासुद्धा, देऊ नका.

ताईंना मी एवढेच सांगितले, "वही दुसऱ्याच्या घरी गेली, तरी हिशेब लिहिणारा आणि तपासणारा लागतोच. पोराला फक्त एक विचारायला सांगा, वहीची दुसरी प्रत कुठे आहे?"

जयभीम!