संसाराचा हिशेब : ‘वरचे’ एक लाख



मागच्या वेळी वाळवणांविषयी लिहिले, तेव्हा वाटले होते की पत्रे येतील ती कुरडया आणि सांडग्यांचीच. तशी ती आलीच. पण त्या गठ्ठ्यात नागपूरच्या मनीषनगरातल्या एका भगिनीचे पत्र निघाले, ते मोटारीविषयी. पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. नाव न देण्याच्या अटीवर त्यातला थोडा मजकूर इथे देते.

‘ताई, आमच्या घरी सध्या मोटारीवरून महाभारत चालू आहे. हे चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. फंडाचे पैसे आले. त्यातून एक साधी गाडी घ्यायची, गावी जायला-यायला, एवढेच ठरले होते. पण मुलाने कुठल्याशा गाडीची स्पेशल एडिशन पाहून ठेवली आहे. म्हणे जास्त पळते, आणि मोजक्याच निघाल्या आहेत. शोरूमवाला म्हणून राहिला, नंबर लावला तर सहा महिने लागतील, पण वरचे एक लाख रोख दिले तर पंधरा दिवसांत गाडी दारात. त्याची पावती मात्र मिळणार नाही. मुलगा म्हणतो, आई, तुला गाड्यांतले काय कळते? हे गप्प आहेत. मला खरेच गाड्यांतले काही कळत नाही. पण पावती नाही म्हटल्यावर माझ्या मनाला पटून नाही राहिले. माझे चुकते का?’

नाही हो, तुमचे मुळीच चुकत नाही. गाडीतले कळायला इंजिन उघडावे लागते. हिशेबातले कळायला संसार केलेला असला की पुरते. आणि ह्या ‘वरच्या’ पैशांशी माझी जुनी ओळख आहे.

१९७८ सालची गोष्ट. आमच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. त्या काळी पुण्याजवळच्या आकुर्डीला बनणारी बजाजची स्कूटर म्हणजे केवढे अप्रूप! नंबर लावला की वर्षानुवर्षे वाट पाहायची; कित्येकांना आठ-दहा वर्षे लागत. स्कूटर कोणाला कशी विकायची ह्याचासुद्धा सरकारी हुकूम होता. मग ज्याचा नंबर लागे तो गाडी घेऊन ‘ऑन’ने दुसऱ्याला विकी. आमच्या ह्यांनाही असाच एक गृहस्थ भेटला. ऑन दोन हजार रुपये! घरात तेवढे कुठले? मला कोणी मागितले नव्हते, पण माहेरच्या दोन पाटल्या मीच काढून दिल्या. तोळ्याचा भाव तेव्हा सातशे रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ तीन तोळे गेले. स्कूटर आली, पेढे वाटले. आणि दोन वर्षांनी आमचा स्वतःचा नंबरही लागला! तेव्हा हे नुसते हसले. मीही हसले, पण रात्री हात मोकळे बघून झोप लागली नाही. आज तोळा लाखाच्या वर गेला आहे आणि ती स्कूटर केव्हाच भंगारात गेली.

मारुतीच्या वेळीही हेच झाले. १९८३ मध्ये दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, आणि नंबर येईपर्यंत ज्यांना दम धरवेना त्यांनी सुमारे पन्नास हजारांच्या गाडीवर ‘ऑन’ मोजला. वस्तू कमी आणि हात जास्त, की मध्ये कोणीतरी उभा राहतोच. पुढे परवान्यांचे राज्य गेले, कारखाने वाढले, आणि साध्या गाड्यांवरचा ऑन गेला. उलट सवलती मिळू लागल्या. आता तो उरला आहे तो ह्या ‘मोजक्याच काढलेल्या’ गाड्यांच्या पाठीमागे.

ह्या गाड्या मोजक्या का काढतात? कधी त्या परदेशातून तयारच आणाव्या लागतात म्हणून. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आर.एस. ही वेगवान गाडी भारतात फक्त २०० आणल्या, किंमत ३५ लाख ९९ हजार. २०२५ च्या ऑक्टोबरात तिचीच नवी गाडी आणली ती फक्त १००, आणि नोंदणी सुरू झाल्यावर वीस मिनिटांत सगळ्या संपल्या! फोक्सवॅगनच्या गोल्फ जी.टी.आय.चा २०२५ मधला पहिला हप्ता दीडशे गाड्यांचा होता. आणि कधी ‘मोजक्या’ हा शब्दच किंमत वाढवतो. २०२० मध्ये महिंद्राने नव्या थारची पहिली गाडी लिलावात काढली. ज्या थारची किंमत पावणेदहा लाखांच्या पुढे सुरू होत होती, तिची ती पहिली गाडी १ कोटी ११ लाखांना गेली! पण तो लिलाव उघड होता आणि पैसा धर्मादाय कामासाठी होता. हौसेला मोल नसते हे खरे. फक्त ते चारचौघांत मोजलेले असावे.

अमेरिकेतसुद्धा हेच रडगाणे आहे. तिथे १९५८ च्या कायद्याने नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेल्या किमतीचा कागद चिकटवावा लागतो. पण विक्रेता त्याच्याखाली आपला आकडा वाढवू शकतो. २०२१-२२ मध्ये गाड्यांत लागणाऱ्या चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा हे आकडे इतके फुगले की फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्यांना २०२२ च्या सुरुवातीला आपल्याच विक्रेत्यांना तंबी द्यावी लागली. तिथे निदान वाढीव आकडा कागदावर लिहिलेला तरी असतो. तुमच्या एक लाखाला तर कागदच नाही.

आता हिशेबाकडे वळू. किराण्याची यादी तपासतो तसेच शोरूमचे कोटेशन तपासायचे, ओळीवर बोट ठेवून. उदाहरणादाखल १३ लाखांची पेट्रोल गाडी धरू.

(१) एक्स-शोरूम किंमत, १३ लाख. ह्यात कारखान्याचा नफा, जी.एस.टी. आणि विक्रेत्याचे कमिशन हे सगळे आलेले असते. म्हणजे शोरूमवाल्याची मजुरी तुम्ही इथेच दिलीत. ही किंमत कंपनीकडून पडताळून घ्यावी.

(२) आर.टी.ओ.चा कर. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. इथे १ लाख ५६ हजार. तुमची गाडी एम.एच. ३१ मध्ये नोंदवा की एम.एच. ४९ मध्ये, दर तोच. पावती सरकारी मिळते.

(३) टी.सी.एस., एक टक्का, म्हणजे १३ हजार. दहा लाखांवरच्या गाडीला हा लागतो. पण तो गेला असे समजू नका. आयकराच्या विवरणात तो वळता करून मिळतो. निवृत्त माणसांनी हे विसरू नये!

(४) विमा. शोरूमने ६८ हजार सांगितले आणि बाहेर तसाच विमा ५१ हजारांत मिळाला, असे समजा. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. पण तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवणारे तुम्ही. दोन ठिकाणचे भाव आणा, शोरूमवाला आपोआप खाली येतो.

(५) ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’, साडेनऊ हजार. हा सरकारचा कुठलाच कर नाही. ‘हे कशाचे?’ एवढेच विचारा आणि उत्तर लेखी मागा. बहुधा ओळ खोडली जाते.

(६) ॲक्सेसरीजचे पाकीट, ४५ हजार. पायपुसणी, सीटची कव्हरे, दारावरच्या पट्ट्या. टंचाईच्या दिवसांत वनस्पती तुपाच्या डब्याबरोबर साबणाच्या वड्या गळ्यात मारत, आठवते? तोच प्रकार. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्याच, अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. बिल न देणे हीसुद्धा त्या कायद्याने अनुचित प्रथाच आहे.

(७) आणि शेवटी ते ‘वरचे’ एक लाख.

सगळे मिळून होतात १६ लाख ९१ हजार ५००. शेवटच्या तीन ओळी आणि विम्यातला फरक काढला की १५ लाख २० हजार. बाकी नोंदणीची किरकोळ रक्कम. मधला फरक १ लाख ७१ हजार ५००! इतक्या रुपयांना गाडी एक पैसाही जास्त पळत नाही.

आता पावतीचे. तुमच्या मनाला जे पटले नाही, त्याला भक्कम कारण आहे. गाडी चोरीला गेली तर साधी विमा कंपनी काय देते? कंपनीची जाहीर किंमत, वजा घसारा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के. ‘वरच्या’ लाखाचा त्या हिशेबात पत्ताच नसतो. जास्त हप्ता भरून बिलाएवढी भरपाई देणारा विमा घेतलात, तरी बिलात जे नाही ते मिळणार नाही. बँकही त्यावर कर्ज देत नाही. म्हणजे तो लाख तुमच्या फंडातून रोख गेला, आणि उद्या शोरूमवाल्याने ‘गाडी आली नाही’ म्हटले तर दाखवायला हातात चिटोरे नाही.

मुलालाही एक विचारा, रागावून नाही, कौतुकाने. ह्या एडिशनमध्ये नक्की वेगळे काय आहे? इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन की नुसता रंग आणि पट्टे? २०२१ मध्ये ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन आली, तेव्हा तिचे इंजिन साध्या आय-ट्वेंटीच्या टर्बो प्रकारातलेच होते. सस्पेन्शन कडक, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि धुराड्याचा आवाज निराळा. ज्याला त्याची गोडी आहे त्याने जरूर घ्यावी. पण म्हाताऱ्या आईवडिलांना गावच्या खडबडीत रस्त्याने न्यायचे, तर कडक सस्पेन्शन कंबरेला कळते! शोरूममध्ये चकचकीत रस्त्यावर फिरवू नका. गाडी मागून घ्या, हे मागे बसतील, तुम्हीही बसा, आणि खड्ड्यांचा एक रस्ता निवडा. नागपुरात तो शोधावा लागत नाही.

आणखी एक. घाई ही विकणाऱ्याची असते. २०२१ च्या ऑक्टोबरात महिंद्राच्या एक्स.यू.व्ही. ७००च्या २५ हजार गाड्यांची नोंदणी ५७ मिनिटांत झाली. पुढे कित्येकांना वर्षभर वाट पाहावी लागली. पण गाड्या कारखान्यातून निघतच राहिल्या आणि ज्यांनी दम धरला त्यांना त्या कंपनीच्या किमतीतच मिळाल्या. तुमच्या गाडीला सहा महिने सांगितले आहेत ना? तेवढे दिवस फंडाचे पैसे बँकेत व्याज खातील. वर्धा किंवा अमरावतीच्या विक्रेत्याकडेही फोन करून विचारा. तिथे तीच गाडी उभी असू शकते. नोंदणीचे पैसे चेकने किंवा बँकेतून द्या आणि ‘रद्द केल्यास किती परत’ हे पावतीवर लिहून घ्या.

कोणी फारच अडवले तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ लक्षात ठेवा. नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा तेल-साखरेच्या भावावरून दुकानदाराला जाब विचारायला पुढे आल्या त्यांत बायका पुष्कळ होत्या. त्यांनाही कोणीतरी म्हटलेच असेल, तुम्हाला व्यापारातले काय कळते?

आता घरातल्या भांडणाचे. मुलाला ‘नाही’ म्हणू नका, ‘पावतीने’ म्हणा. एका रविवारी जेवणे उरकली की कोटेशन त्याच्याच हातात द्या आणि ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला सांगा, वडिलांसमोर. सातव्या ओळीशी तो आपोआप थांबेल. थांबला नाही, तर म्हणा : हे एक लाख तुझ्या पगारातून दे, फंडातून नाही. ज्याची हौस, त्याची पिशवी. आणि ह्यांचे गप्प बसणे म्हणजे होकार आहे असे धरून चालू नका. जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला मुलाचे मन मोडवत नाही आणि फंडही मोडवत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलायला हवे असते.

माझ्या पाटल्यांच्या वेळी मी बोलले नाही. तुम्ही पत्र लिहिलेत, तेव्हा तुम्ही बोलायला सुरुवात केलीच आहे. गाडी आली की कोणती आली ते कळवा. आणि पेढ्यांचा हिशेब मात्र ठेवू नका!

पुढल्या अंकी : वर्षाचा गहू भरताना घ्यायची काळजी.

तुमची,
ताई