मग्गी, मॅगी आणि ताईचा दाखला



आज आधी माझी एक चूक सांगते. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हाला आवडतं, ठाऊक आहे मला!

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत एक नवा मुलगा आला. त्याचे वडील गावातल्या गुऱ्हाळावर कामाला आलेत, कर्नाटकातून. तिकडे तो कन्नड शाळेत जायचा. दाखला आणला होता, पण सगळा कन्नडमध्ये. मला त्यातली जन्मतारीख तेवढी वाचता आली. वयाप्रमाणे तिसरीत नाव घातलं. आमच्याकडे पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसतात. चार दिवस हा पोरगा गप्पच. धडा वाच म्हटलं की मान खाली. मी मनाशी ठरवून टाकलं, याला काही येत नाही. आणि त्याला पहिलीच्या ओळीत अक्षरं गिरवायला बसवलं.

पाचव्या दिवशी तिसरीचे पाढे चालले होते. सातचा पाढा एकालाही धड येईना. तेवढ्यात पहिलीच्या ओळीतून हा उठला आणि म्हणाला, "मग्गी! मग्गी!"

सगळा वर्ग खो खो हसला. "बाई, त्याला मॅगी पाहिजे!"

त्याने सरळ माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर सातचा पाढा लिहून काढला. मग आठचा, नवाचा, पार बाराचा. एकही चूक नाही. कन्नडमध्ये पाढ्यांना 'मग्गी' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पोराला येत होतं सगळं. मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मला माझ्या ताईची फार आठवण आली. ताई म्हणजे माझी मोठी मावसबहीण. तिच्याही बाबतीत असंच झालं होतं, फक्त ती तिसरीत नव्हती. चांगली शिकलेली, कमावती बाई होती.

ताई बी. फार्म. आहे, २००४ सालची. बी. फार्म. म्हणजे बारावीनंतर चार वर्षं औषधांचा अभ्यास. ते झालं की राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, मग औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येतं. आपल्या देशात त्यासाठी १९४८ सालचा फार्मसी कायदा आहे. ताई गडहिंग्लजला एका मेडिकलमध्ये होती. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर तिच्याइतकं कुणालाच लागायचं नाही. म्हातारी माणसं तर "ताई असली तरच औषध न्यायचं" म्हणून बाकावर बसून राहायची.

२०१३ साली दाजींना कॅनडात नोकरी लागली. ताई, दाजी आणि माझी सहा वर्षांची भाची टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरात गेले. ताईला वाटलं, औषधं सगळीकडे सारखीच. महिन्या-दोन महिन्यांत लागेल नोकरी.

किती दिवस लागले, माहीत आहे? पाच वर्षं!

तुम्ही म्हणाल, का बरं? ताप तिकडे वेगळा असतो का? ताप तोच. पण गंमत बघा. आपण तापाला पॅरासिटामॉल घेतो ना? कॅनडात त्याचं नाव असिटामिनोफेन. औषध एकच! त्याचं रसायनशास्त्रातलं लांबलचक नाव आहे पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल. त्यातली काही अक्षरं उचलून कुणी एक नाव केलं, दुसऱ्यांनी दुसरी अक्षरं उचलून दुसरं.

मापंही वेगळी. रक्तातली साखर आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये सांगतात, तिकडे मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिकडचा आकडा येतो. आपल्याकडे उपाशीपोटी १२६ म्हणजे तिकडे ७! इथून नुकत्याच गेलेल्या माणसाने तो सात ऐकला, तर घाबरेलच ना?

बाटलीचं झाकणसुद्धा वेगळं. आपल्याकडे गोळ्यांचं पाकीट असतं, हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतात. तिकडे गोळ्या मोजून छोट्या बाटलीत भरतात आणि वर रोग्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. त्या बाटलीचं झाकण तळव्याने दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. लहान मुलांनी गोळ्यांना खाऊ समजून खाऊ नये म्हणून. असलं झाकण १९६७ साली कॅनडातल्याच विंडसर शहरात निघालं. हेन्री ब्रो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी ध्यास घेतला होता. गोळ्या खाऊन आजारी पडलेली मुलं त्यांच्या दवाखान्यात सारखी येत, ते त्यांना बघवेना. १९७४ साली ओंटारिओ प्रांताने ते झाकण सक्तीचं केलं.

तेव्हा नव्या देशात औषध हातात देण्याआधी त्या माणसाला इथलं सगळं येतं ना, हे बघायलाच हवं. चुकीच्या उत्तराला वहीत लाल फुली मिळते. चुकीच्या गोळीने जीव जाऊ शकतो.

तर ताईची शाळा पुन्हा सुरू झाली. पहिला धडा कागदपत्रांचा. कॅनडात १९६३ पासून फार्मासिस्टांची परीक्षा घेणारं एक मंडळ आहे, फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा. ते आधी कागद तपासतं. गुणपत्रिका ताईने स्वतः पाठवून चालणार नव्हतं. विद्यापीठानेच बंद लिफाफ्यात, शिक्का मारून, थेट पाठवायच्या. म्हणजे मध्ये कुणी गुण वाढवायला नकोत! आता ताई तिकडे आणि विद्यापीठ इकडे. मग धावपळ कुणी केली? तुमच्या बाईंनी!

पहिल्या खेपेला टेबलावरचे साहेब जेवायला गेले होते, ते आलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, ही बाई तीच कशावरून? मग लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पुन्हा एसटी. तिसऱ्या खेपेला एकदाचा लिफाफ्यावर शिक्का बसला. म्हणून सांगते, आपल्या नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, ते आताच बघून ठेवा. पुढे फार चपला वाचतील!

एवढं करूनही ताई नशीबवानच म्हणायची. ती अमेरिकेत गेली असती, तर तिला परीक्षेला बसताही आलं नसतं. तिथला नियम असा की १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेली असेल, तर तो अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी. फार्म. चार वर्षांची. आपल्याकडे सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम निघाला २००८ साली. ताईची पदवी तर २००४ ची. आपल्यापैकी कुणाला मोठेपणी या वाटेने जायचं असेल, तर आधी त्या त्या देशाचा त्या वेळचा नियम वाचायचा. नियम बदलत असतात.

कागद पास झाले. मग ताईने मूल्यमापनाची परीक्षा दिली. शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, औषधशास्त्र, सगळं पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षांपूर्वी शिकलेलं! रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला भाची अभ्यासाला बसायची, दुसऱ्या बाजूला ताई. भाची विचारायची, "आई, तुला पण बाई ओरडतात का गं?"

घर चालायला हवं म्हणून ताई दिवसा एका औषधाच्या दुकानात मदतनीस होती. पैसे घ्यायचे, खोकी लावायची, फोन उचलायचा. औषधाबद्दल एक शब्दही सांगायचा नाही. परवाना नाही ना! गडहिंग्लजला जिच्यासाठी माणसं बाकावर बसून राहायची, ती इथे ओठ मिटून उभी. एकदा फोनवर मला म्हणाली, "उत्तर येत असताना हात वर करायचा नाही, हे फार अवघड असतं गं."

एके दिवशी दुकानात एक पंजाबी आजी आल्या. मधुमेहाची बाटली संपली होती. पिशवीतून ती काढताना गोळ्यांचं एक पाकीट खाली पडलं. ताईने उचलून दिलं आणि ती दचकलीच. पाकीट भारतातलं होतं. त्यावर नाव होतं ग्लिबेनक्लामाइड. बाटलीवर होतं ग्लायब्युराइड.

दोन्ही एकच औषध! आपल्याकडचं नाव एक, कॅनडातलं दुसरं.

ताईने हिंदीत विचारलं, "आजी, तुम्ही दोन्ही घेता?"

"हो. मुलगा गावाहून घेऊन आला. ही पण साखरेची, ती पण साखरेची. दोन घेतल्या की लवकर गुण येईल."

"चक्कर येते का?"

"सकाळी येते. घाम सुटतो, हात थरथरतात."

म्हणजे आजींच्या पोटात एकच औषध दुप्पट जात होतं. साखर खाली उतरत होती. म्हातारपणी अशी साखर उतरली, तर माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. पण सल्ला द्यायचा ताईला अधिकार नव्हता. ती तशीच आत गेली आणि फार्मासिस्टला म्हणाली, "या दोन गोळ्या एकच आहेत." त्यांनी भारतातलं नाव कधी वाचलं नव्हतं. त्यांनी पुस्तक काढून खात्री केली, आजींच्या डॉक्टरांना फोन लावला, मग बाहेर येऊन आजींना नीट समजावलं. ताई शेजारी उभी राहून हिंदीत सांगत होती.

मला वाटलं, आता तरी ताईला पटकन परवाना मिळेल. कुठलं काय! ताईने टोरंटो विद्यापीठात परदेशी फार्मासिस्टांसाठी असलेला अभ्यासक्रम केला, मग पात्रता परीक्षा दिली. तिचे दोन भाग होते. पहिला लेखी, त्यात ती पास झाली. दुसरा भाग मात्र अगदी निराळा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. काही खोल्यांत एक माणूस बसलेला, रोग्याची भूमिका करणारा, नाटकातल्यासारखा. काही मिनिटांत त्याच्याशी बोलून त्याला मदत करायची. घंटा झाली की पुढची खोली. परीक्षक बघत असतात.

त्यात ताई नापास झाली. हो, आमची ताई!

परीक्षेत काय आलं ते बाहेर सांगायला बंदी असते, म्हणून ते तिने मलाही सांगितलं नाही. पण नंतर सरावात तिला आपली चूक सापडली. सरावातले एक आजोबा म्हणाले, "गुडघा दुखतोय, गोळी द्या." ताईने गोळी दिली, जेवणानंतर घ्या म्हणून सांगितलं, झालं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते रक्त पातळ करणारी गोळीसुद्धा घेतात. तुझ्या गोळीने त्यांना रक्तस्राव झाला असता. तू विचारलं का नाहीस?"

ताईला ते औषधसुद्धा माहीत होतं. तो धोकाही पाठ होता. फक्त विचारलं नव्हतं. गडहिंग्लजला मेडिकलमध्ये एवढी गर्दी असायची, की विचारत बसायची सवयच नव्हती. तेव्हा तिला त्या पंजाबी आजी आठवल्या. ती मला म्हणाली, "पाकीट खाली पडलं म्हणून मला कळलं गं. पडलं नसतं, तर मी पैसे घेतले असते आणि त्यांना जाऊ दिलं असतं."

ही परीक्षा हवी तितक्या वेळा देता येत नाही, संधी मोजक्याच असतात. ताईने सहा महिने दाजींना रोगी करून सराव केला. दाजी रोज नवा आजार काढायचे! दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मग तिथल्या कायद्याची परीक्षा, मग अनुभवी फार्मासिस्टच्या हाताखाली काम, आणि २०१८ मध्ये ओंटारिओ कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्सकडून परवाना. हे 'कॉलेज' शिकायचं नाही बरं का. प्रांतातल्या फार्मासिस्टांची नोंद ठेवणारी ती संस्था आहे. भाचीने त्या दिवशी परवान्याला हळदकुंकू लावलं.

पाच वर्षं जरा जास्तच झाली, असं मला अजूनही वाटतं. ताईसारखी किती माणसं मध्येच थकून कायमची गल्ल्यावर बसत असतील! मी तसं म्हटलं की ताई म्हणते, "परीक्षा घ्यावीच. पण परीक्षा घेणाऱ्याने समोरच्याला काहीच येत नाही असं धरून चालू नये. आणि देणाऱ्याने आपल्याला सगळंच येतं असं धरू नये." ब्रॅम्प्टनला ती आता काउंटरच्या आतल्या बाजूला असते. प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आणखी काय काय घेता?"

म्हणून दुसऱ्या दिवशी मी नव्या मुलाला तिसरीच्या ओळीत, पुढच्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुला आणखी काय काय येतं रे?" मराठी त्याला अजून शिकायचंच आहे. अक्षरं तो रोज गिरवतो, त्यात सूट नाही. पण पाढ्यांच्या तासाला खडू त्याच्या हातात असतो. आमची तिसरी आता "एरड ओंदला एरडु, एरड एरडला नाल्कु" म्हणते आणि मीही त्यांच्याबरोबर चुकत चुकत म्हणते.

आता तुमचा गृहपाठ. एक, आजोबांची उपाशीपोटी साखर आपल्याकडच्या मापाने ९० आली, तर कॅनडातल्या मापाने किती? दोन, घरात आजी-आजोबांच्या सगळ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद त्यांच्या हातात द्या. गोळ्यांना हात लावायचा नाही हं, फक्त नावं लिहायची. आणि तीन, तुमच्या वर्गात कुणी नवीन आलं असेल, तर मधल्या सुट्टीत त्याला माझा प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते मला पत्राने कळवा. वाट बघते.

तुमच्या बाई