आडात आहे, पोहराच नाही

2022 च्या हंगामात कलबुर्गी-बीदरच्या शिवारांत उभी तूर मर रोगाने वाळली. मर सोसणारे ‘मारुती’ वाण कर्नाटकात 1986 सालीच आले होते, पण मर आणणारी बुरशीही बदलत राहते. तुरीचा सुमारे 83 कोटी अक्षरांचा जनुकसंच इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2011 मध्ये उलगडला. आता शेकडो वाणांचे संच एकमेकांशी ताडून प्रतिकारक जनुके हुडकायची, हे काम विद्यापीठातल्या टेबलावरच्या संगणकाला झेपणारे नाही. झेपेल अशी यंत्रे देशात आहेत. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला 2015 मध्ये 4,500 कोटी मंजूर झाले आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत 2022 मध्ये 3.3 पेटाफ्लॉप्सचा ‘परम प्रवेग’ उभा राहिला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे उलटी पडते. कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठातल्या किंवा बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकाला त्या यंत्रावरचे तास हवेत, आणि त्याहून जास्त हवा आपला प्रोग्राम त्या यंत्राजोगा करून देणारा जाणकार. यंत्राचे उद्घाटन करता येते. जाणकाराचा पगार मात्र अनुदान देणाऱ्यांना दरवर्षीचा भुर्दंड वाटतो.

मग कल्याण कर्नाटक प्रादेशिक विकास मंडळाने कलबुर्गीतच यंत्र का घेऊ नये? 2023 च्या अर्थसंकल्पात मंडळाला 5,000 कोटी मिळाले, तेव्हा मोह स्वाभाविक आहे. पण असे यंत्र पाच-सहा वर्षांत जुने होते, वीज आणि गारवा रात्रंदिवस मागते, आणि रिकामा गेलेला तास परत येत नाही. म्हणून या भागाचा अनुशेष यंत्रांत नव्हे, यंत्रावर मिळणाऱ्या तासांत मोजावा. राज्यघटनेच्या कलम 371 (जे) खालच्या आदेशांनी राज्यभरच्या शिक्षणसंस्थांत इथल्या विद्यार्थ्यांसाठी 8 टक्के जागा राखल्या; तोच न्याय सरकारी पैशाने उभारलेल्या यंत्रांच्या तासांना लावायला काय हरकत आहे? इथून मागणीच नाही, असे कुणी म्हणेल. अर्ज कसा लिहायचा हे सांगणाराच नसेल, तर मागणी कागदावर उमटणार कशी? पाणी आणि शाळा आधी, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे; पण अशा आठ-दहा जाणकार अभियंत्यांच्या पगाराने मंडळाच्या तिजोरीला भोक पडणार नाही. खरी अडचण वेगळीच आहे. तुरीचा पट्टा महाराष्ट्रातल्या उदगीर-लातूरपर्यंत सलग आहे आणि मंडळाचा पैसा राज्याच्या हद्दीवर थांबतो. म्हणून या पगारांचा निम्मा वाटा केंद्राने उचलावा आणि लातूरच्या संशोधकालाही त्याच अभियंत्याकडे जाता यावे.