शस्त्रक्रिया मुंबईत, जखम वाडीवर

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवरील ठाकुरवाड्यांत पायाच्या रक्तवाहिनीचा आजार अनेकदा साध्या तक्रारीने सुरू होतो. चढ चढताना पोटरीत गोळा येतो, दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. दमणूक म्हणून ते अंगावर काढले जाते. पुढे अंगठ्याची जखम भरत नाही, बोट काळे पडते, वेदनेने रात्रीची झोप उडते. तेव्हा कुठे माणूस मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो.

यामागे मुख्यतः विडी-तंबाखू आणि मधुमेह असतात. तंबाखूमुळे तरुणपणीच हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजाराचे वर्णन न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये केले. त्यात बायपास जोडायला अनेकदा चांगली रक्तवाहिनीच उरत नाही. विडी पूर्ण सोडणे हाच तिथला खरा उपचार.

बायपास किंवा फुग्याने रक्तपुरवठा सुरू करता येतो, पण पाय टिकतो तो आधीच्या आणि नंतरच्या काळजीवर. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी 1990च्या दशकात हा विचार पद्धतशीरपणे मांडला. रुग्णाला विनाकारण तासन् तास उपाशी ठेवू नये, वेदना आटोक्यात ठेवावी, लवकर जेवू घालावे, लवकर उठवून चालवावे. सुटी पाहता या गोष्टी किरकोळ वाटतात, एकत्र केल्या की रुग्ण लवकर सावरतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या दिवसांत विडी बंद करणे, साखर ताब्यात आणणे, रक्तक्षय आणि कुपोषण भरून काढणे हेही त्यातच येते. पाय तातडीने वाचवायचा असेल तर एवढी सवड मिळत नाही, तेव्हा नंतरच्या काळजीचे मोल आणखी वाढते.

मात्र ही सारी आखणी वॉर्डाच्या दारापाशी संपते. तिथून लोकलने कर्जत किंवा खोपोली, पुढे रिक्षा आणि कित्येक वाड्यांसाठी शेवटी पायवाट. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीची यंत्रे वर नेता आली नाहीत, हे महाराष्ट्राने पाहिले. तशाच वाटेने ओल्या टाक्यांचा पाय घेऊन घरी जायचे आणि ड्रेसिंगसाठी पुन्हा खाली यायचे. आवणीचे दिवस असतील तर घरचा कर्ता माणूस चिखलात उतरणारच. ‘रुग्ण सांगितलेले ऐकत नाहीत’ म्हणणे सोपे आहे. पण पाळता येईल असे त्यांना सांगितले होते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आजच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची सुरुवात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. या योजनेमुळे गरिबाला महागडी शस्त्रक्रिया मिळू लागली, हे मोठेच काम आहे. पण तिच्या पॅकेजात घरी सोडल्यानंतरचा औषधोपचार दहा दिवसांपुरता आहे, आणि पायाची जखम भरायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. पायाच्या रक्तवाहिनीच्या रुग्णांसाठी ही मुदत जखम भरेपर्यंत वाढवायला हवी.

बाकीचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. घरी सोडतानाचा कागद मराठीत हवा आणि तो आशा ताईपर्यंत फोनने पोहोचायला हवा. ड्रेसिंग वाडीजवळच्या उपकेंद्रात व्हावे, सामान तिथे असावे. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी गावातच मिळावी, कारण ती दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर घ्यायची असते. आशा ताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून या भेटींचा वेगळा मोबदला द्यावा.

घरच्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाय अचानक गार पडला, पांढरट झाला, बधिर झाला किंवा असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यावर पाय वाचवायला साधारण सहाच तास हातात असतात. त्यातले किती पायवाटेवर जातात, याचा हिशेब शस्त्रक्रियेची तारीख देतानाच मांडायला हवा.