समजून घ्या : ‘किती टक्के?’ विचारून बिअर कळत नाही. चव कशी ओळखायची आणि जालन्याने पाण्याचा हिशोब का मागायचा?

बिअर शॉपीच्या काउंटरवर आपल्याकडे दोनच प्रश्न ऐकू येतात. थंड आहे का? आणि स्ट्राँग आहे का? चवीला कशी आहे, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पुण्या-मुंबईत मात्र गेल्या दीड दशकात याच तिसऱ्या प्रश्नावर ‘क्राफ्ट बिअर’ नावाचा धंदा उभा राहिला आहे. हे प्रकरण नेमकं काय आहे, चव कशी ओळखतात आणि जालन्यात बसून आपण याचा विचार का करायचा, हे सोप्या भाषेत पाहूया.

आधी टक्क्यांचं गणित

इंजिनिअरिंग केल्यामुळे कुठलीही वस्तू घेताना आधी आकडे बघायची सवय आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. ६५० मिलीची ८ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली घ्या. त्यात शुद्ध अल्कोहोल ५२ मिली. आता ३० मिलीचा व्हिस्कीचा एक स्मॉल पेग घ्या. ४२.८ टक्क्यांनी त्यात सुमारे १३ मिली अल्कोहोल होतं. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार स्मॉल पेग.

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा. टक्के बघून घेणारा माणूस बिअर पीत नसतो, तो स्वस्तात नशा विकत घेत असतो.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय?

बिअरला चार गोष्टी लागतात : पाणी, मोड आणून भाजलेलं धान्य (बहुतेक वेळा बार्ली), हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. जर्मनीतल्या बव्हेरियाने १५१६ मध्ये कायदा करून पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच वापरायची सक्ती केली होती. यीस्टचं काम तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं.

मोठा कारखाना लाखो बाटल्यांची चव एकसारखी ठेवतो आणि खर्च कमी करायला तांदूळ, मका किंवा साखर मिसळतो. क्राफ्टवाले थोड्या प्रमाणात बनवतात आणि चवीचे प्रयोग करतात. जिथे बनते तिथेच नळावाटे ग्लासात देणाऱ्या जागेला मायक्रोब्रुअरी म्हणतात. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी ‘डूलाली’ २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. नंतर पुण्यात ‘इंडिपेंडन्स’, मुंबईत ‘गेटवे’ अशी नावं आली.

प्रकार किती?

मूळ घराणी दोन. कमी तापमानात सावकाश आंबते ती लागर, जरा उबदार तापमानात लवकर आंबते ती एल. बाकीचे बहुतेक प्रकार यांच्याच पोटात येतात.

• पिल्सनर : सोनेरी, स्वच्छ, हलकी कडू. १८४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सन गावात जन्मली. आपल्या बाजारातल्या बहुतेक बाटल्या हिच्याच लांबच्या, फिक्या नातेवाईक.

• हेफेवायझन : गव्हाची, गढूळ, फेसाळ. हिला पिकलेल्या केळीचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळं नसतं की लवंग नसते, दोन्ही वास यीस्ट तयार करतं.

• विट : बेल्जियमची गव्हाची बिअर. हिच्यात संत्र्याची साल आणि चक्क धने घालतात.

• आयपीए : इंडिया पेल एल. नावात इंडिया असलं तरी इंग्लंडची. जहाजाने भारतात पाठवल्या जाणाऱ्या, जास्त हॉप्स घातलेल्या बिअरवरून हे नाव पडलं. चांगलीच कडू, पण वास लिंबूवर्गीय फळांचा.

• स्टाउट : काळी. करपट भाजलेल्या बार्लीमुळे कॉफी आणि कोकोची आठवण येते. काळी म्हणजे जास्त चढणारी हा गैरसमज आहे. अनेक स्टाउट चार-साडेचार टक्क्यांच्याच असतात.

• सावर : आंबट. इथे दह्यातले जिवाणू काम करतात. आंबील पिऊन वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसाला ही चव परकी वाटायचं कारण नाही.

चव ओळखायला बिअर लागतच नाही

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चव ओळखायला शिकण्याचं बरंचसं काम किराणा दुकानात आणि स्वयंपाकघरात होतं.

धान्याच्या भाजणीसाठी मराठीत तीन नेमके शब्द आहेत : खमंग, खरपूस, करपट. पेल एल खमंगच्या अलीकडे, अंबर एल खरपूस, स्टाउट करपटच्या उंबरठ्यावर. भाकरीचा पापुद्रा आणि तळाचा काळा डाग यांतला फरक ज्याला कळतो, त्याला माल्टचा निम्मा धडा आधीच येतो.

कडवटपणासाठी जालन्याची मोसंबी पुरे. ताजा रस गोड लागतो, तोच तासा-दोन तासांनी कडू होतो. रसातलं लिमोनिन हळूहळू तयार होतं म्हणून हे घडतं. दर अर्ध्या तासाने एक घोट घेऊन बघा, कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला किती वेळ रेंगाळतो ते लक्षात येईल. बिअरमध्ये हाच कडूपणा ‘आयबीयू’ या एककात सांगतात. गव्हाच्या बिअरचा साधारण १० ते १५, आयपीएचा ४० च्या पुढे. तुरट म्हणजे काय हे कच्चं केळं किंवा दूध न घातलेला उकळलेला चहा सांगतो. कडू आणि तुरट यांची गल्लत भलेभले करतात.

प्रत्यक्ष चाखताना पद्धत साधी आहे. ग्लासात ओता, बाटलीला तोंड लावलं तर वास कळतच नाही. आधी रंग आणि फेस बघा, मग वास घ्या, मग छोटा घोट. गिळल्यानंतर मागे काय उरतं ते बघा. फिक्याकडून गडदकडे जा. ६० ते १०० मिलीचे नमुने पुरेसे असतात, मध्ये साधं पाणी. बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते, म्हणून खराब माल नेहमी अतिथंड खपतो.

बिघडलेली बिअर कशी ओळखाल?

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे माल जुना, हवा लागलेला. लोण्याचा वास म्हणजे आंबवण्याची प्रक्रिया अर्धवट सोडलेली. उकडलेल्या कणसाचा वास म्हणजे उकळण्यात कसर. आणि हिरव्या बाटलीतून कुबट, उग्र दर्प आला तर समजा की माल उन्हात ठेवला होता. प्रकाशाने हॉप्समधले घटक बिघडतात, म्हणूनच तपकिरी काच वापरतात. ग्राहक म्हणून पैसे मोजत असाल तर एवढं माहीत असलंच पाहिजे.

यात जालन्याचा काय संबंध?

संबंध पाण्याचा. बिअरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिवाय धुणं, उकळणं, थंड करणं धरून मोठ्या कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण ३ ते ५ लिटर पाणी लागतं. लहान ब्रुअरीत त्याहून जास्त.

आपल्यापासून ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यांचं पाणी जायकवाडीचं. जालना शहराची जलवाहिनीही जायकवाडीवरूनच येते. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. एप्रिल २०१६ मध्ये तर उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करायचा आदेश द्यावा लागला. ‘माणसं टँकरची वाट बघतात आणि बिअरला पाणी मिळतं’ हा राग तेव्हा रस्त्यावर होता आणि तो चुकीचा नव्हता.

माझं मत

बिअरच्या चवीवर लिहिणं म्हणजे दारूचं उदात्तीकरण, असा आक्षेप येईल. ज्या राज्यात गावोगावच्या बायकांना ‘आडवी बाटली’साठी मतदान करून दुकानं बंद करावी लागतात, तिथे तो आक्षेप हलक्यात घेता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं असं या लेखात काहीही नाही.

पण जे पितात, त्यांना आज बाजार फक्त टक्के विकतो आहे. चव ओळखणारा माणूस एका ग्लासावर थांबायची शक्यता टक्के मोजणाऱ्यापेक्षा जास्त, असं मला वाटतं. म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, लेबलवर टक्क्यांच्या जोडीला बाटलीत किती ग्रॅम अल्कोहोल आहे ते लिहा. आठ टक्क्यांच्या मोठ्या बाटलीवर ‘४१ ग्रॅम’ दिसलं, तर हात जरा अडखळेल. दुसरी, एक लिटर बिअरमागे किती लिटर पाणी वापरलं तेही छापा. फ्रिजवर वीजवापराचे तारे छापता येतात, तर बाटलीवर पाण्याचा आकडा का नको?

क्राफ्टवाल्यांनाही यातून सूट नको. विटमध्ये जालन्याच्या मोसंबीची साल पडली, तर भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या फळाला नवं गिऱ्हाईक मिळेल. ज्वारीचीही बिअर होते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केल्यावर तिथल्या कंपन्या ज्वारीकडे वळल्या होत्या. मराठवाड्याला हे जमणार नाही असं नाही. फक्त पाण्याचा हिशोब आधी, प्रयोग नंतर.

*लक्षात ठेवा : महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. नमुने चाखायला गेलात तरी परत येताना स्टिअरिंग न प्यायलेल्या माणसाच्या हातात द्या.*